आज धुकं

कुशिरोच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझा डावा पाय कमरेपर्यंत प्लॅस्टरात होता
आणि उशाशी लाल रंगाचा गेम, मिटलेला.
मिटलेलाच ठेवायचा असतो तो.
झोपेतच त्याला माणसांची चाहूल लागते:
तीस पावलांच्या आत दुसरा गेम आला की
हा त्याच्या पदरात काहीतरी टाकतो,
तो ह्याच्या,
आणि बिजागरीपाशी हिरवा ठिपका लागतो.
ना आवाज, ना ओळखदेख.

शाळेत असताना मधल्या सुट्टीत चाळीस ठिपके व्हायचे.
टोप्या, कंदील, सोनेरी मासे,
एकदा तर बेडकाच्या तोंडाचे बूट.
इथे खोलीत मी आणि ओनोदेरा आजोबा.
त्यांच्याकडे द्यायला फक्त घोरणं होतं.

मंगळवारी दहाच्या सुमाराला ठिपका लागला.
उघडलं. चौकात एक बाई उभी,
डोक्यावर एक केस नाही.
कुणीतरी घाईत केली असावी,
केस निवडायचे राहून गेले असावेत.
नाव हिसाए.
म्हणाली, "आज धुकं."
आणि हातावर नासपती ठेवली.

पुढच्या मंगळवारी लख्ख ऊन.
खिडकीतून बंदरातल्या क्रेन मोजता येत होत्या.
ती म्हणाली, "आज धुकं."
नासपती.

माझी आई सांगायची,
शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवू नये.
काहीच नसलं घरात तर काड्यापेटी ठेवावी.
मी शिंपले ठेवत गेलो.
आधी साधे, करड्या काठाचे;
मग तो जांभळा, ज्याच्यासाठी
दोन रात्री पांघरुणात जागलो
आणि नर्स इगाराशीची बोलणी खाल्ली.
जांभळ्यालाही उत्तर तेच.
धुकं. नासपती.
माझ्या खेळातल्या गावात एव्हाना
नासपतीची तेरा झाडं झाली होती,
खाली सडा, कुणी उचलेना.

राग आला होता मला. खरंच.
नऊ वर्षांच्या माणसाला येतो तसा, पूर्ण.

ऑक्टोबरात कुबड्या मिळाल्या.
मंगळवारी दहाला मी लिफ्टसमोर जाऊन बसलो,
गेम मांडीवर, नजर ठिपक्यावर.
लिफ्ट उघडली.
निळ्या टोपीतली एक बाई, दह्याच्या पेयाच्या
छोट्या बाटल्यांची गाडी ढकलत.
ठिपका.

"तुम्ही हिसाए?"
तिनं आधी टोपी काढली. केस होते, भरपूर, पांढरे.
मग बर्फाच्या पिशवीमागून, फडक्यात गुंडाळलेला,
एक पांढरा गेम काढला.
"मुलाचा आहे. नागोयाला गेला कामाला.
म्हणाला, तू गावभर हिंडतेस, पिशवीत असू दे,
माणसं जमव माझ्यासाठी.
रात्री चार्जिंगला लावते. उघडत नाही. बिघडला तर?"

मी उघडला.
चौकात गर्दी मावत नव्हती.
मासळी बाजारातले, टपाल कचेरीतले,
दोन शाळांची पोरं, एक रात्रपाळीचा डॉक्टर,
रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात काही ना काही,
आणि घ्यायला कुणी नाही.
रांगेत मीही होतो, अकरा वेळा.
जांभळा शिंपला पुढे धरून.

तिनं चष्मा लावला, खूप वेळ पाहिलं.
"एवढे सगळे," म्हणाली,
"कधीपासून उभे आहेत?"
मग खालच्या आवाजात, "ह्यांना खायला काय?"

मी म्हटलं, नासपती.
गावभर नासपती आहे. तुम्हीच देता.

"मी?"
ती हसली तेव्हा गाडीतल्या बाटल्या किणकिणल्या.
"मला तर आवडतही नाही नासपती."

तिनं मला एक बाटली दिली, पैसे नको म्हणाली,
आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.
दार मिटता मिटता विचारलं,
"त्यांना एकेकाला आत घ्यायचं कसं?
पुढच्या मंगळवारी सांगशील?"

पुढच्या मंगळवारी मी घरी होतो.